फावडं खाली ठेवा, वॉल्टर

मी फिजिओथेरपिस्ट आहे असं कळलं, की मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात निदान तीन जण तरी गुडघा पुढे करतात. मग मला सांगावं लागतं, की अहो, गुडघे माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे हृदयं आहेत.

लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी वीस वर्षांहून जास्त काळ हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसांना व्यायाम शिकवला. काम सांगायला सोपं आहे. अटॅक आल्यावर डॉक्टर रक्तवाहिनी उघडतात, चार-पाच दिवसांत माणूस घरी जातो आणि मग खरी पंचाईत सुरू होते. काही जण इतके घाबरतात की जिना चढत नाहीत, बायकोला चहाचा कपसुद्धा उचलू देतात. काही जण उलट, आपल्याला काही झालंच नाही हे दाखवायला दुसऱ्या दिवशी बागेतलं झाड तोडायला निघतात. दोघंही काही आठवड्यांनी आमच्याकडे येत. आठवड्यातून दोनदा, हॉस्पिटलच्या मागच्या जुन्या जिममध्ये. सायकल, पायरीवर चढउतार, खुर्चीतून उठबस. दम लागणं वेगळं आणि जीवावर बेतणं वेगळं, हे शरीराला पुन्हा ओळखता यावं, एवढंच आमचं काम. माझी कसोटी साधी होती. व्यायाम करताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही आळशीपणा करताय.

हे काम मला चांगलं जमायचं. हे मी नम्रता बाजूला ठेवून सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी चुकले होते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मिस्टर ऑल्डरसन नावाचे एक पेशंट होते. (सगळी नावं बदललेली आहेत.) निवृत्त शिक्षक, सडपातळ, वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर. मी दिलेल्या प्रत्येक कागदावर ते पेन्सिलीने खुणा करून आणत. असा विद्यार्थी मिळाला की शिकवणाऱ्याला स्वतःचाच अभिमान वाटायला लागतो. आठ आठवडे संपत आले होते, शेवटची एक तपासणी राहिली होती. त्या आठवड्यात बर्फ पडला. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला, अपॉइंटमेंट रद्द करायला. गाडी बाहेर काढायची म्हणून ते फावडं घेऊन गेले होते. ते परत आत आलेच नाहीत.

"तुमच्या कागदावर जे जे लिहिलं होतं ते सगळं तो करत होता हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला बरं वाटावं म्हणून त्या बोलत होत्या.

फोन ठेवल्यावर मी आमचं माहितीपत्रक काढून पुन्हा वाचलं. बागकाम होतं, गोल्फ होतं, विमानप्रवास होता, बाजाराच्या पिशव्या किती जड असाव्यात तेही होतं. बर्फ नव्हता. आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. मिरजेत वाढलेल्या मुलीला बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायची वस्तू. पण माझ्या इंग्लिश सहकाऱ्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. कारण इथे बर्फ काही दर आठवड्याला पडत नाही. एखाद्या हिवाळ्यात तीन-चार दिवस पडतो, एखादा हिवाळा कोराच जातो. म्हणून तर तो धोक्याचा. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस एका सकाळी उठतो, शेडमधून बागेतलं जड फावडं काढतो आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून जिवाच्या आकांताने उपसायला लागतो.

पुढच्या वेळी बर्फ पडला तेव्हा मी छातीला पल्स मोजायचा पट्टा बांधला आणि स्वतःच्या दारातला बर्फ उपसायला घेतला. तेव्हा मी छत्तिशीत होते, रोज चालत होते, पेशंटना व्यायाम करून दाखवत होते. चौथ्या मिनिटाला आकडा एकशे सत्तरच्या पुढे गेला. जिममध्ये तिथपर्यंत पोचायला मला चांगलं पळावं लागायचं. आणि गंमत म्हणजे मला थकल्यासारखं वाटतच नव्हतं. गार हवेत तोंड छान ताजंतवानं वाटत होतं. तेव्हा मला ऑल्डरसन कळले.

बाहेरच्या वाचकाला थोडक्यात सांगते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे हृदयाला आधीच जोर लावून रक्त ढकलावं लागतं. त्यात काम हातांचं. हातांनी केलेलं जड काम पायांनी केलेल्या कामापेक्षा रक्तदाब जास्त चढवतं. शिवाय ओला बर्फ उचलताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो. अंग गरम झालेलं नसतं, पोटात नुकताच नाश्ता गेलेला असतो. हे सगळं एकाच वेळी, एकाच हृदयावर.

आमची प्रमुख पॉलीन हिला मी हे सांगितलं तेव्हा तिने दोन प्रश्न विचारले आणि तिसऱ्या दिवशी ओल्या वाळूच्या चार पेट्या आणि दोन लहान फावडी मागवली. तेव्हापासून दर वर्षी नोव्हेंबर ते मार्च आमच्या जिममध्ये वाळू उपसण्याचा वर्ग होऊ लागला. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग तापवा. फावडं अर्धंच भरा. उचलू नका, शक्य तिथे ढकला. तोंड उघडं ठेवा. दोन मिनिटांनी थांबा. आणि सगळ्यांना शेवटी एकच वाक्य: यातलं काहीही तुम्ही या हिवाळ्यात करायचं नाही, शेजाऱ्याला सांगा.

या वाक्यावरून माझं वॉल्टरशी भांडण झालं.

वॉल्टर सदुसष्ट वर्षांचा होता. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत त्याने आयुष्य काढलं होतं. पाठीवर कपाट घेऊन अरुंद जिन्याने तीन मजले चढणारा माणूस. त्याची मनगटं माझ्या पोटरीएवढी होती. हार्ट अटॅक हा आपल्यावर कोणीतरी चुकून टाकलेला आळ आहे, असा त्याचा चेहरा असे. तो चढावरच्या एका लहानशा गल्लीत राहायचा आणि चाळीस वर्षं, बर्फ पडला की स्वतःचं दार, दोन्ही बाजूच्या म्हाताऱ्यांची दारं आणि फुटपाथ साफ करायचा.

"शेजाऱ्याला सांगू?" तो म्हणाला. "लव्ह, शेजारी मला सांगतात." (यॉर्कशरमध्ये कुठल्याही बाईला 'लव्ह' म्हणतात.)

"ताकद तुमच्या हातात आहे, वॉल्टर. मी हृदयाबद्दल बोलतेय."

"हृदय हाताला विचारूनच चालतं माझं," असं म्हणून तो सायकलवर जाऊन बसला.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, त्याच्या वर्गाचे सहा आठवडे झाले असताना, मोठा बर्फ पडला. शाळा बंद, बस बंद. मी बूट चढवून पन्नास मिनिटं चालत हॉस्पिटलात पोचले. वर्ग रद्दच होता. पॉलीनने आणि मी पेशंटची यादी अर्धी-अर्धी वाटून घेतली आणि फोन करायला बसलो: येऊ नका, आणि बाहेर जाऊन बर्फाला हात लावू नका. वॉल्टर माझ्या वाट्याला आला. फोन त्याच्या बायकोने, मॉरीनने घेतला.

"तो बाहेर आहे. मी सांगून दमले. आता तू सांग," असं म्हणून तिने लेकीने घेऊन दिलेला मोबाइल त्याला फाटकाशी नेऊन दिला.

"वॉल्टर, हातात काय आहे?"

"काही नाही."

"वॉल्टर."

"फावडं. पण सुरुवात केलेली नाही, लव्ह. नुसता बघतोय."

"फावडं खाली ठेवा, वॉल्टर."

ते भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग त्याची कुरकुर सुरू झाली. समोरच्या घरात एक भारतीय कुटुंब राहतं, तो तरुण गाडी काढायला बघतोय, ऑफिसचा कोट घालून अर्धा तास न थांबता उपसतोय, फावडं सूप ढवळायच्या चमच्यासारखं धरलंय, आणि आम्ही मात्र उभं राहून बघायचं. मी हूं-हूं करत यादीतलं पुढचं नाव शोधत होते.

"थांबला बाबा एकदाचा," वॉल्टर म्हणाला.

"छान झालं."

"नाही. छान नाही. गाडीला टेकलाय."  मग अगदी वेगळ्या आवाजात तो म्हणाला, "लव्ह, अटॅक आला तेव्हा मी असा दिसत होतो का?"

मी यादी खाली ठेवली. "कसा?"

"राखेसारखा."

"त्याच्याकडे जा. हळू चाला, घसराल. फोन बंद करू नका."

बुटांखाली बर्फ करकरल्याचा आवाज, वॉल्टरचा श्वास, मग त्याचं "यू ऑल राइट, लॅड?" आणि मग, दूरवरून पण स्पष्ट, मला ऐकू आलं: "आई गं."

"त्याला फोन द्या," मी म्हणाले.

"हॅलो?" आवाज चाळिशीतल्या माणसाचा होता, पुण्याकडचा.

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय. मराठी ना तुम्ही? कुठे दुखतंय?"

"अं? हो... दुखत नाहीये हो. ॲसिडिटी आहे. छातीवर जरा कोणीतरी बसल्यासारखं. आणि जबडा."

"हात?"

"डावा भरून आलाय. फावड्यामुळे."

"घाम आलाय?"

"बर्फ काढतोय म्हटल्यावर घाम येणारच ना."

"आता थांबलाय तुम्ही. अजून येतोय?"

 "हो. गार येतोय."

"खाली बसा. आत्ता. पाठ गाडीला टेकवा, गुडघे वर घ्या."

"नाही, तसं नाही, माझा नऊ वाजता बंगलोरशी कॉल आहे, मी आत जाऊन जरा—"

"ए! बस म्हणते ना खाली!"

इतक्या वर्षांत मी कुठल्याच पेशंटवर अशी ओरडले नव्हते. पॉलीनने पलीकडच्या टेबलावरून मान वर केली. पण तो बसला. वॉल्टरने आपला कोट काढून त्याच्याखाली घातला, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त त्याचा आवाज आला, "मॉरीन! घरातल्या फोनवरून नऊ-नऊ-नऊ लाव! ॲम्ब्युलन्स! हार्ट!" आणि मग मला: "माझा जिभेखालचा स्प्रे खिशात आहे. मारू का त्याला?"

"नाही. तो तुमच्यासाठी आहे, त्याचा रक्तदाब आपल्याला माहीत नाही. मॉरीनला सांगा, फोनवरचे लोक म्हणतील तेवढंच करायचं."

फोनवरच्या लोकांनी विचारलं, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का. नव्हती. एक गोळी चावून खायला दिली. तोवर त्या माणसाची बायको, वैशाली, घरातल्या चपलांनीच बाहेर धावत आली होती. वॉल्टरने फोन तिच्या कानाला लावला. ती रडत नव्हती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तो पुण्यात रोज पर्वती चढायचा हो. रोज चढायचा."

"त्याच्याशेजारी बसा, हात धरा, बोलत राहा," मी म्हटलं. "डोळे मिटले, उत्तर देईनासा झाला तर लगेच वॉल्टरला सांगा. त्यांना छाती कशी दाबायची ते येतं. मी शिकवलंय." हे म्हणताना माझा आवाज स्थिर होता. माझा स्वतःचा पल्स तेव्हा कोणी मोजला नाही हे बरं.

ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण गल्लीच्या तोंडाशी अडकली. बर्फ वितळवायला मीठ टाकणाऱ्या कौन्सिलच्या गाड्या मोठ्या रस्त्यांवर जातात, असल्या चढावरच्या गल्ल्यांना कोण विचारतो. चाकं जागेवर फिरताना मला फोनमधून ऐकू येत होती. दोघं कर्मचारी बॅग घेऊन चालत वर यायला निघाले, पण त्याला खाली न्यायचा कसा? निम्म्या चढापर्यंत तरी गाडी यायला हवी होती. दारं उघडली. माणसं फावडी, कोळसा भरायची पत्र्याची सुपली, एक बाई तर केराच्या डब्याचं झाकण घेऊन बाहेर आली.

"वॉल्टर," मी म्हणाले, "तुम्ही नाही."

"कळलंय गं!" तो खेकसला. मग फोन खिशात गेला असावा, कारण पुढचं सगळं कापडातून आल्यासारखं ऐकू आलं. पण तो आवाज कापडाने अडणारा नव्हता. "अर्धंच भरा! उचलू नका, ढकला बाजूला! तू, लाल टोपी, दोन मिनिटं झाली, दुसऱ्याला दे! तोंड उघडं ठेवा रे, श्वास कोंडू नका! आज एकच जण हॉस्पिटलात जाणार आहे, दुसरा नको!"

माझी वाक्यं, यॉर्कशरच्या हेलात, गल्लीभर घुमत होती. वर्गात मी ती सांगताना हा माणूस छताकडे बघत बसायचा. त्याने एकही शब्द गाळला नव्हता.

मग बॅटरी संपली आणि फोन बंद झाला.

पुढचा तासभर मी यादीतल्या उरलेल्या लोकांना फोन केले. करायलाच हवे होते. शेवटी खाली हृदयविभागात विचारलं. गाडी निम्म्या चढापर्यंत आली होती. त्याला खुर्चीत बांधून तिथपर्यंत नेलं, आणि आता तो अँजिओप्लास्टीच्या टेबलावर होता. आणखी पाऊण तासाने त्यांनीच फोन केला. मुख्य रक्तवाहिनी बंद झाली होती, ती उघडून स्टेंट घातला होता. माणूस शुद्धीवर होता आणि बंगलोरला कोणी कळवलं का, असं विचारत होता.

त्याचं नाव मिलिंद. सव्वीस दिवसांनी तो माझ्या वर्गात आला, हातात पुण्याच्या सवयीने नीट घडी घातलेला नॅपकिन घेऊन. वय चव्वेचाळीस. वडिलांना पन्नाशीत अटॅक आला होता. इथे आल्यापासून तीन वर्षांत एकदाही जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेला नव्हता. घरापासून गाडी, गाडीपासून लिफ्ट, लिफ्टपासून खुर्ची. पर्वती राहिली पुण्यात. माझी बर्फाची सगळी शिकवणी आधीच अटॅक येऊन गेलेल्यांसाठी होती. मिलिंदसारखे कुठल्याच यादीत नसलेले लोक माझ्या डोक्यात नव्हते. त्या वर्षापासून मी मंडळात, देवळात, गुरुद्वारात, जिथे बोलावतील तिथे जाऊन हे सांगू लागले.

"तुम्ही मला 'ए' म्हणालात त्या दिवशी," मिलिंद पहिल्याच दिवशी म्हणाला.

"सॉरी हं."

"सॉरी नको. अहो-जाहो केलं असतंत तर मी आत जाऊन कॉल घेतला असता."

वॉल्टरचं मात्र वेगळंच झालं. त्याचं कौतुक झालं, गल्लीतल्या लोकांनी त्याला केक आणून दिला, आणि तो दिवसेंदिवस गप्प होत गेला. वर्गाच्या शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर तो बाकावर बसून राहिला.

"आता मी दिसलो की लोक खुर्ची पुढे करतात," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात मी काय करायचं? खिडकीतून ओरडायचं?"

 ऑल्डरसन गेल्यापासून मी प्रत्येकाला सरसकट 'नाही' म्हणत आले होते. सुरुवातीला ती काळजी होती. पण नंतर नंतर ती माझी सोय झाली होती. 'नाही' म्हटलं की माझ्यावर काही येत नव्हतं. समोरचा माणूस कोण आहे, त्याच्या हृदयाला आज किती झेपेल, हे मोजणं हेच तर माझं काम होतं. वॉल्टरच्या बाबतीत मी ते न मोजताच उत्तर दिलं होतं.

"आठ महिने आहेत," मी म्हणाले. "दर गुरुवारी यायचं. मी सांगेन तेवढंच करायचं. नोव्हेंबरात डॉक्टर ट्रेडमिलवर तपासतील. ते नाही म्हणाले तर नाही."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर बघू."

तो आला. प्रत्येक गुरुवारी. उन्हाळ्यात मिलिंदही त्याच्याबरोबर येऊ लागला. दोघं आपल्या गल्लीचा चढ रोज संध्याकाळी चढत आणि काल किती वेळा थांबलो ते मला येऊन सांगत. मिलिंद क्रिकेटबद्दल बोलायचा, वॉल्टर रग्बीबद्दल, आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळत नसे. सप्टेंबरात ते न थांबता वर पोचले. नोव्हेंबरात डॉक्टरांनी वॉल्टरची तपासणी केली, कागद दोनदा पाहिले आणि मला विचारलं, "हा नक्की तोच माणूस?" मग डॉक्टर, वॉल्टर आणि मी, आम्ही तिघांनी बसून ठरवलं. ताजा, हलका बर्फ असेल तरच. आधी घरात पाच मिनिटं चालायचं. नाश्त्यानंतर दीड तास. लहान फावडं. बोचरा वारा असेल त्या दिवशी नाही. दहा मिनिटं, आणि मॉरीनच्या हातात घड्याळ.

त्या हिवाळ्यात बर्फाने लीड्सला चांगलंच झोडपलं. पहिल्याच सकाळी, अकराच्या सुमाराला, माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"झालं," वॉल्टर म्हणाला. त्याला दम लागला होता, पण बोलता येत होतं.

"किती?"

"दारापासून फाटकापर्यंत."

"आणि फाटकाबाहेर?"

"वैशाली करतेय. चांगली करते. माझ्यापेक्षा सरळ कडा काढते. अजून अर्धा तास सहज केलं असतं, लव्ह. सहज."

"माहितीये मला."

"पण थांबलो."

मागून मॉरीनचा आवाज आला, चहा गार होतोय म्हणून. "आलो, आलो," तो तिला म्हणाला, आणि मग फोन तोंडाजवळ धरून, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने मला विचारलं, "पुढच्या वर्षी बारा मिनिटं करशील?"